वेटोळ्यातली तरतूद

जेसीबीने चर खणला, की कधीकधी काचेची तार तुटते. बारामती एमआयडीसीत रस्त्याकडेला छत्रीखाली बसून ती सांधणारा एक तरुण मी परवा तासभर न्याहाळत होतो. शुद्ध काचेतून प्रकाश दूरवर संदेश नेईल, असे चार्ल्स काव यांनी १९६६ साली मांडले. २००९ साली त्यांना नोबेल मिळाले. इथे ती काच केसासारखी, १२५ मायक्रॉन जाडीची!

निळ्याला निळा, नारिंगीला नारिंगी तंतू लावायचा. स्पिरिटने पुसायचा, काटकोनात कापायचा, यंत्रातल्या विजेच्या ठिणगीने वितळवून सांधायचा. हे झटपट उरकते. वेळ जातो तो डबीत. प्रत्येक तंतू हात-दोन हात जादा ठेवून सैल वेटोळ्यांत बसवावा लागतो. वेटोळे तीन सेंटिमीटर त्रिज्येच्या आत आवळले, तर प्रकाश वळणावरच निसटू लागतो.

‘‘एवढी जादा कशाला?’’

‘‘काका, जोड बिघडला तर पुन्हा कापायला तार नको का?’’

आम्ही बँकवाले याला तरतूद म्हणतो. लाइन गेली, की आमच्या शाखेत पेन्शनर बाकावर ताटकळायचे आणि आम्ही वरिष्ठांच्या नावाने बोटे मोडायचो. अशी डबी आम्ही कुणी पाहिलीच नव्हती.

पाणी शिरू नये म्हणून झाकणाची रबरी पट्टी दोनदा चाचपून त्याने बोल्ट आवळले आणि मोटारसायकल इंदापूरच्या वाटेला लावली. तिकडेही तार तुटली होती.