दोरी ओढण्याचा अधिकार

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

‘‘अमेरिकन मोटार चांगली की जपानी?’’ हा प्रश्न गेली चाळीस वर्षं लोक मला विचारत आले आहेत. माझं उभं आयुष्य सुट्या भागांच्या तपासणी खात्यात गेलं, म्हणून याला नेमकं ठाऊक असणार, असा त्यांचा समज. मी मात्र दर वेळी एका बोल्टची गोष्ट सांगतो.

१९८५ साली कामानिमित्त मी दोन महिने अमेरिकेत डेट्रॉईटजवळ माझ्या मावसभावाकडे, अण्णांकडे राहिलो होतो. अण्णांनी नुकतीच नवी कोरी अमेरिकन मोटार घेतली होती. ऐसपैस, दिवाणखान्यातल्या सोफ्यासारखी आसनं, आणि रस्त्यावर अशी जायची की पोटातलं पाणी हलू नये. फक्त उजव्या दारातून सतत खडखड आवाज यायचा. विक्रेत्याकडे तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला मेकॅनिकने दाराचं आतलं आवरण काढलं, तर आत एक सुटा बोल्ट. मेकॅनिक हसला, त्याला यात नवल वाटलं नाही.

वहिनी वैतागून म्हणाल्या, ‘‘शेजाऱ्यांसारखी जपानी गाडी घेतली असती तर हा ताप नसता.’’ अण्णा म्हणाले, ‘‘अगं, या गावाचं पोट मोटारींवर आहे. इथे जपानी गाडी घेऊन कुठल्या तोंडाने फिरू?’’

ते खोटं नव्हतं. कामगार संघटनांच्या आवारात परदेशी गाडी उभी करू नका, अशा पाट्या असत. कारखाने बंद पडत होते, घरं विकली जात होती. १९८२ च्या जून महिन्यात डेट्रॉईट परिसरात व्हिन्सेंट चिन या तरुणाला दोघांनी बेसबॉलच्या दांडक्याने मारलं. चार दिवसांनी तो गेला. मारणाऱ्यांपैकी एक मोटार कारखान्यातला पर्यवेक्षक होता. जपानी मोटारींमुळे आमच्या नोकऱ्या जातात, हा त्यांचा राग. चिन जपानी नव्हता, चिनी वंशाचा अमेरिकन होता. गुन्हेगारांना झाली ती तीन हजार डॉलर दंड आणि देखरेखीची शिक्षा, तुरुंग नाही. मोटारीच्या दर्जाचा प्रश्न असा माणसांच्या जिवापर्यंत पोचला होता.

पण त्याआधी चित्र अगदी उलट होतं, हेही सांगायला हवं. १९५० च्या दशकात अमेरिकन मोटार हे साऱ्या जगाचं स्वप्न होतं. १९५९ च्या कॅडिलॅकचे ते मागचे उंच पंख आठवा. पेट्रोल स्वस्त, रस्ते सरळ आणि लांबलचक. त्या देशाला मोठं इंजिन आणि रुंद गाडी शोभून दिसत होती. १९५७ साली टोयोटाने आपली टोयोपेट क्राऊन तिथे नेली. जपानच्या खडबडीत रस्त्यांसाठी बांधलेली ती गाडी अमेरिकन महामार्गावर धापा टाकू लागली. काही वर्षांतच कंपनीला ती परत घ्यावी लागली. तेव्हा ‘जपानी’ या शब्दाचा अर्थ लोकांच्या लेखी ‘तकलादू’ असाच होता.

१९७३ मध्ये तेलसंकट आलं आणि पंप-पंपावर रांगा लागल्या. लहान, कमी पेट्रोल पिणारी गाडी अचानक शहाणपणाची ठरली. होंडाची सिव्हिक १९७५ च्या सुमारास वेगळं धूरशुद्धी यंत्र न लावताही नव्या प्रदूषण नियमांत बसली. लोकांनी जपानी गाड्या घेतल्या त्या पेट्रोल वाचवायला. पण त्यांना आणखी काही सापडलं : गाडी सकाळी सुरू होते, दार नीट लागतं आणि काही खडखडत नाही. १९८१ साली जपानने निर्यातीवर स्वतःहून वर्षाला १६ लाख ८० हजार गाड्यांची मर्यादा घालून घेतली, यावरून तो ओघ केवढा असेल ते समजावं.

आता पुन्हा अण्णांच्या दारातल्या बोल्टकडे येऊ. दार बसवणाऱ्या कामगाराला तो बोल्ट पडताना दिसला नसेल? बहुधा दिसला असेल. मग त्याने तो काढला का नाही? माझ्या मते सगळं उत्तर इथे आहे. त्या काळच्या अमेरिकन कारखान्यात सरकता पट्टा थांबवणं हा जवळजवळ गुन्हा होता. कामगाराने आपलं काम करायचं. चूक दिसली तर गाडी पुढे जाऊ द्यायची. शेवटी अंगणात दुरुस्तीवाले बघून घेतील. न जमलं तर गिऱ्हाईक आहेच!

टोयोटाची शिकवण निराळी होती आणि तिचं मूळ मोटारीत नव्हे, मागात आहे. साकिची टोयोडा हे मागाचे संशोधक. भिवंडीत किंवा इचलकरंजीत ज्यांनी यंत्रमाग पाहिला असेल त्यांना ठाऊक आहे, धागा तुटला आणि माग चालूच राहिला तर वारच्या वार कापड वाया जातं. टोयोडांनी १९२४ साली जो माग पूर्णत्वाला नेला, तो धागा तुटताच आपोआप थांबत असे. पुढे १९२९ मध्ये प्लॅट ब्रदर्स या इंग्रज कंपनीने त्याचे हक्क एक लाख पौंडांना घेतले. मुलगा किइचिरो मोटारीकडे वळला, पण वडिलांचं सूत्र सुटलं नाही : चूक झाली की तिथेच थांबा.

मोटारीच्या कारखान्यात या सूत्राची दोरी झाली. पट्ट्याच्या कडेने, कामगाराच्या हाताला येईल अशी ती टांगलेली असते. अडचण आली की कामगार ती ओढतो. वर दिवा लागतो, धून वाजते, गटप्रमुख धावत येतो. ‘काय अडलं?’ असं तो विचारतो. ‘कुणी केलं?’ हा प्रश्न नंतरचा. गाडी पुढच्या टप्प्यावर जायच्या आत दोष निघाला तर ठीक, नाहीतर पट्टा थांबतो. या दिव्याच्या व्यवस्थेला ‘अँडॉन’ म्हणतात. जपानी भाषेत त्याचा अर्थ कागदी कंदील.

कुणी म्हणेल, जपानी माणूस मुळातच शिस्तीचा; अमेरिकन कामगाराला हे जमायचं नाही. त्याचीही परीक्षा झाली. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट गावी जनरल मोटर्सचा एक कारखाना होता, कंपनीतला अत्यंत बदनाम. दर पाच कामगारांत एक गैरहजर, दारू, भांडणं, तक्रारींचे ढीग. १९८२ साली तो बंद झाला. १९८४ मध्ये जनरल मोटर्स आणि टोयोटा यांनी भागीदारीत तो पुन्हा उघडला आणि नाव ठेवलं ‘नमी’. इमारत तीच, संघटना तीच आणि बहुतेक कामगारही तेच. शेकडो जणांना तुकड्यातुकड्यांनी जपानला नेऊन काम दाखवलं. आणि त्यांच्या हाती दोरी दिली.

थोड्याच काळात तिथल्या गाड्या दर्जात जपानमधल्या गाड्यांच्या पंगतीला बसल्या. गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर आली. म्हणजे दोष कामगाराच्या रक्तात नव्हता; त्याला कुणी विचारत नव्हतं, हा दोष होता.

दर्जाची ही झाली एक बाजू. दुसरी बाजू गिऱ्हाइकाच्या मनाची, आणि ती या कारखान्यानेच दाखवून दिली. तिथे एकाच पट्ट्यावर जवळजवळ एकच मोटार दोन नावांनी निघत असे. एकीवर टोयोटा कोरोला असं नाव, दुसरीवर जिओ प्रिझम, म्हणजे जनरल मोटर्सचं. पण लोक कोरोलाला जास्त पैसे मोजत आणि जुन्या बाजारातही तिलाच चांगला भाव येई. वर्षानुवर्षं फसलेलं गिऱ्हाईक एका चांगल्या गाडीने परत येत नाही. पत घालवायला थोडी वर्षं पुरतात, कमवायला पिढी लागते.

अमेरिकन मोटारीची ओढ संपली, असं मात्र समजू नका. फोर्डच्या ‘एफ’ मालिकेतल्या पिकअप गाड्या १९८० च्या दशकापासून तिथे खपात आघाडीवर राहिल्या. शेतकरी, सुतार, गवंडी यांची ती कामाची गाडी आणि अभिमानाचीही. १९६४ पासून आयात पिकअपवर २५ टक्के जकात होती, त्या भिंतीचा आधार मिळाला हे खरं. पण निव्वळ जकातीवर प्रेम जडत नाही.

जनरल मोटर्सला ‘नमी’चा धडा घरचाच होता. पण बाकीच्या कारखान्यांत तो पोचायला फार उशीर झाला. २००९ साली कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि १ एप्रिल २०१० रोजी ‘नमी’तून शेवटची गाडी निघाली. त्याच इमारतीत पुढे टेस्लाच्या विजेवरच्या मोटारी बनू लागल्या.

आणि टोयोटा? जगात पहिला नंबर मिळवायच्या धावपळीत तिचंही दोरीकडे दुर्लक्ष झालं. २००९-१० मध्ये पायपुसणी आणि अडकणारं पेडल यांच्यामुळे लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. आम्ही फार वेगाने वाढलो असू, अशी कबुली अकियो टोयोडा यांना अमेरिकन संसदेच्या समितीपुढे द्यावी लागली. त्या प्रकरणी माहिती दडवल्याबद्दल २०१४ साली कंपनीने १२० कोटी डॉलर भरले. त्याच वर्षी जनरल मोटर्सच्या सदोष इग्निशन स्विचचं प्रकरण उघडकीला आलं. १२४ मृत्यूंची भरपाई द्यावी लागली. कंपनीतल्या काही जणांना हा दोष दहा वर्षं ठाऊक होता! चौकशी अहवालात म्हटलं होतं की बैठकीत सगळे माना डोलवत आणि बाहेर पडल्यावर कुणीच काही करत नसे.

तेव्हा अमेरिकन की जपानी, याचं माझं उत्तर असं : आज दोघींतलं अंतर पूर्वीएवढं उरलेलं नाही, आणि जपानी नाव असलेल्या कितीतरी गाड्या अमेरिकेतच, अमेरिकन हातांनी बनतात. गाडी घेताना नावापेक्षा तिच्या गेल्या पाच-सात वर्षांच्या तक्रारी बघा, आणि तक्रार आल्यावर कंपनी ऐकते की मान डोलावते, तेही बघा.

अण्णांनी तो बोल्ट फेकला नाही. कितीतरी वर्षं तो त्यांच्या टेबलावर होता. मी एकदा विचारलं, ‘‘हा कशाला ठेवलाय?’’ ते म्हणाले, ‘‘अरे, मीही ऑफिसात कितीतरी गोष्टी बघतो आणि पुढे जाऊ देतो. त्याची आठवण राहावी म्हणून.’’