‘भावार्थ’ : श्रद्धा आणि बुद्धी यांमधील एक शब्द

कॅथॉलिक तत्त्वज्ञानातील श्रद्धा व बुद्धी यांचा संबंध मराठीत प्रथम विस्ताराने कसोटीस लागला तो फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’त. हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यास आले. त्यांचा हा ओवीबद्ध ग्रंथ १६१६ मध्ये साष्टीतील रायतूर येथे रोमन लिपीत छापला गेला.

या संबंधाची शास्त्रशुद्ध मांडणी संत थॉमस अक्वायनस (१२२५–१२७४) यांनी केली. ईश्वराचे अस्तित्व बुद्धीला कार्यावरून कारणाकडे जाऊन सिद्ध करता येते. ईश्वराचे त्रैक्य मात्र प्रकटीकरणावाचून कळत नाही. तेथे बुद्धीचे कार्य सिद्धीचे नसून अर्थबोधाचे व आक्षेपनिरसनाचे आहे. अर्थात श्रद्धा ही केवळ भावना नव्हे. ती बुद्धीचीच अनुमती होय. पण विषय दृष्टीस पडत नसल्याने ही अनुमती ईश्वरी कृपेने प्रेरित झालेल्या इच्छेच्या द्वारा दिली जाते. नैयायिक आप्तवाक्यापासून होणाऱ्या बोधास यथार्थ ज्ञान मानतात. अक्वायनस श्रद्धेच्या ठिकाणी निश्चय मानतात, परंतु तिला शास्त्रीय ज्ञान म्हणत नाहीत.

या श्रद्धेसाठी स्टीफन्स यांनी ‘भावार्थ’ हा शब्द योजिला. ‘भावार्थदीपिका’ या ग्रंथनामात तो तात्पर्याचा वाचक आहे. भक्तिपर वाङ्मयात अन्यत्र तो निष्कपट निष्ठेचा वाचक आहे. निष्ठेचा अर्थ प्रबळ झाला, तर बुद्धीची अनुमती झाकली जाते. तात्पर्याचा अर्थ जागा राहिला, तर श्रद्धेला आशयाचे ज्ञान आवश्यक आहे, हे शब्दच सुचवितो.

ग्रंथाची रचना या दुसऱ्या अर्थाला पोषक आहे. त्यात श्रोते शंका विचारतात व पाद्रीगुरू उत्तर देतात. परंतु हे श्रोते बाप्तिस्मा झालेले आहेत आणि त्यांची जुनी पुराणे त्यांच्यापासून दुरावलेली आहेत. साष्टीतील देवालये १५६७ मध्येच पाडली गेली होती. ज्यांनी श्रद्धा कधीच स्वीकारली नाही, त्यांच्यावर ती लादू नये, कारण विश्वास इच्छेवर अवलंबून असतो, असा अक्वायनस यांचा स्पष्ट अभिप्राय होता. या निकषावर तत्कालीन गोव्यातील व्यवहार सदोष ठरतो, आणि तो दोष बाहेरच्या टीकाकाराने नव्हे, त्या परंपरेच्याच सिद्धान्ताने दाखविलेला आहे.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९८ च्या परिपत्रात श्रद्धा व बुद्धी परस्परावलंबी असल्याचे पुन्हा प्रतिपादिले. कोकणी ख्रिस्ती समाजात श्रद्धेला आजही ‘भावार्थ’च म्हणतात. क्रिस्तपुराणातील श्रोत्यांचे प्रश्न याच दृष्टीने वाचले पाहिजेत : त्यांना भाव आधी विहित झाला होता, अर्थ ते मागाहून मागत होते.