दर एकाच जागी लिहा

गैरसमज: सॉफ्टवेअर काय, हवं तेव्हा बदलता येतं.

२२ सप्टेंबर २०२५, घटस्थापना. जीएसटीचे नवे दर त्याच दिवशी लागू झाले. केसांचं तेल, शाम्पू, टूथपेस्ट १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलं. कपडे धुण्याची पावडर १८ वरच राहिली. एका घाऊक दुकानदाराचा सकाळीच फोन आला, "बिलं चुकतायत, लवकर या."

कोड उघडला तर १८ हा आकडा बिलाच्या छपाईत होता, सवलतीच्या हिशेबात होता आणि महिन्याच्या रिटर्नमध्येही होता. घाईघाईत कुणीतरी सगळीकडे १८ चे ५ केले होते. त्यामुळे धुण्याच्या पावडरीवरही ५ टक्के लागायला लागले. त्याहून वाईट म्हणजे ऑगस्टचं बिल पुन्हा छापलं की तेही नव्या दराने निघे. ऑगस्टमध्ये विकलेला माल आता परत आला, तर क्रेडिट नोट जुन्या, म्हणजे १८ टक्क्यांच्याच दराने द्यावी लागते. तो जुना दर कुठे साठवलेलाच नव्हता.

उपाय साधा होता. मालाचा एचएसएन कोड (वर्गवारीचा क्रमांक), दर आणि तो कोणत्या तारखेपासून लागू, एवढ्या तीन रकान्यांचा तक्ता केला. बिल असो की रिटर्न, सगळ्यांनी दर तिथूनच घ्यायचा. शिवाय ज्या दराने बिल झालं तो दर त्या बिलातच कायमचा नोंदवायचा. आता दर बदलला की तक्त्यात एक ओळ वाढवली की झालं.

गैरसमज: चांगली रचना म्हणजे भविष्यातल्या सगळ्या गरजांची आधीच तरतूद.

एवढं भविष्य कुणालाच दिसत नाही. डेव्हिड पार्नास यांनी १९७२ च्या निबंधात मांडलेला निकष आजही मला सर्वांत उपयोगी वाटतो: कामाच्या पायऱ्यांप्रमाणे प्रोग्रॅमचे तुकडे पाडू नका, जे निर्णय बदलण्याची शक्यता आहे ते हेरा आणि प्रत्येक निर्णय एकेका मॉड्यूलच्या आत झाका. कर, सवलतीचे नियम, पैसे स्वीकारण्याची पद्धत, छपाईचा नमुना या गोष्टी बदलणारच. पुढचा दर किती असेल हे कळायची गरज नाही, तो बदलेल एवढं ओळखलं तरी पुरे.

गैरसमज: मायक्रोसर्व्हिसेस (एका मोठ्या प्रोग्रॅमऐवजी अनेक छोट्या, स्वतंत्र सेवा) वापरल्या की रचना आधुनिक झाली.

अ‍ॅमेझॉनच्या प्राइम व्हिडिओने २०२३ मध्ये जाहीरपणे सांगितलं, की चित्र-आवाजाच्या दर्जावर लक्ष ठेवणारी त्यांची एक यंत्रणा त्यांनी विखुरलेल्या घटकांतून काढून एकाच प्रोग्रॅममध्ये आणली आणि तिचा खर्च ९० टक्क्यांहून अधिक घटला. सगळीकडे तसंच होईल असं नव्हे, पण नुसते तुकडे वाढवून लवचीकपणा येत नाही.

गैरसमज: हे मोठ्या कंपन्यांचं काम, छोट्या धंद्याला परवडत नाही.

वरचा तक्ता बांधायला फार खर्च येत नाही. खर्च येतो तो बिलं दुरुस्त करण्यात आणि गिऱ्हाइकांची समजूत काढण्यात. म्हणून सॉफ्टवेअर करून घेताना एवढं नक्की विचारा: उद्या दर बदलला तर किती ठिकाणी हात घालावा लागेल? उत्तर 'एका' असं नसेल, तर पैसे देण्याआधीच ते दुरुस्त करून घ्या.