खबर आली, पण सनद कुठे आहे?

आमच्या मोहल्ल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जनाज्याची वेळ येते, रक्ताची गरज येते, शाळेच्या सूचनाही येतात. ग्रुप सांभाळायचे काम आम्हा तिघांकडे आहे. एकदा मेसेज आला: ‘अल्पसंख्याक मुलांना पहिलीपासून शिष्यवृत्ती, लगेच अर्ज करा.’ एका बेवा भगिनीने दोन दिवसांची मजुरी बुडवून उत्पन्नाचा दाखला काढला. मुलगी दुसरीत. कागद घेऊन त्या माझ्याकडे आल्या तेव्हा कळले की मेसेज खोटा नव्हता, जुना होता. केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २०२२-२३ मध्येच नववी-दहावीपुरती मर्यादित झाली होती. मेसेजची तारीख कुणी पाहिली नव्हती. मीही नाही.

येथे दोन दिवसांची मजुरी गेली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध भटक्या माणसांचे जीव घेतले. अफवाही मोबाइलवरूनच फिरत होत्या.

खबर आणणारा भरवशाचा नसेल तर आधी शहानिशा करा, नाहीतर अजाणतेपणी कुणाचे नुकसान कराल आणि पस्तावाल, ही ताकीद सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत आहे. हदीसच्या इमामांनी तर प्रत्येक रिवायतीची सनद तपासली. कुणी कुणाकडून ऐकले, रावी कसा होता, दोघांची भेट शक्य होती का, हे सारे पाहिले. आपल्याकडे ही शिकवण असताना आपण ‘फॉरवर्डेड’ लिहिलेल्या मेसेजवर डोळे मिटून विश्वास का ठेवावा?

म्हणून आम्ही तिघांनी बसून ठरवले. योजनेची बातमी सरकारी संकेतस्थळावर दिसली किंवा शाळेने सांगितली तरच ग्रुपवर राहील. बंद, जमावबंदी, इंटरनेट बंदीबाबत पोलीस किंवा जिल्हा प्रशासनाचे अधिकृत निवेदनच चालेल. इतर बातमी अशा ठिकाणची हवी, जिथे संपादकाचे नाव आहे, तारीख आहे आणि चूक झाली तर दुरुस्ती छापली जाते. नुसता स्क्रीनशॉट ही बातमी नव्हे. हातात माईक धरला म्हणून कुणी पत्रकार होत नाही.

खरी कसोटी पुढे होती. एका हाजी चाचांनी मुसलमानांवरील अत्याचाराचा व्हिडिओ टाकला. ना गाव, ना तारीख. आम्ही तो काढला. चाचा संतापले, “आपल्याच लोकांचे दुःख तुम्ही दाबता?” त्यांचा राग समजण्यासारखा होता, कारण असे अत्याचार घडतात. मी घरी जाऊन म्हटले, “चाचा, एक खोटा व्हिडिओ उघडा पडला की उद्या आपली खरी फिर्यादही लोक खोटी ठरवतील.” ते काही बोलले नाहीत. चहा मात्र पाजला.

त्या दिवसापासून आणखी एक नियम केला. मेसेज काढण्याआधी पाठवणाऱ्याला फोन करायचा, चारचौघांत लाजवायचे नाही. आणि जी खबर आपल्या मनासारखी असेल, तिची सनद दोनदा पाहायची.