सारा पेलिन आणि अलास्काचा फुटीरतावादी पक्ष : एका आरोपाची छाननी

अमेरिकेच्या २००८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार जॉन मॅकेन यांनी २९ ऑगस्ट रोजी अलास्काच्या गव्हर्नर सारा पेलिन यांना उपाध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर केली आणि त्यानंतर तीन-चार दिवसांतच, त्या पूर्वी अलास्कन इंडिपेंडन्स पार्टी या पक्षाच्या सदस्य होत्या, असे वृत्त देशभर पसरले. अलास्काने अमेरिकेत राहावे की नाही, यावर नव्याने मतदान व्हावे, अशी या पक्षाची मूळ मागणी होती. मॅकेन यांच्या प्रचाराचे घोषवाक्यच ‘देश प्रथम’ या अर्थाचे असल्याने हा आरोप अधिकच झोंबणारा ठरला.

तो समजून घेण्यासाठी प्रथम अमेरिकेतील पक्षसदस्यत्वाचे स्वरूप ध्यानात घ्यावे लागते. भारतात पक्षाचा सदस्य म्हणजे वर्गणी भरून पावती घेतलेला, निदान पक्षाच्या दप्तरी नाव असलेला माणूस. अमेरिकेतील अनेक राज्यांत मात्र मतदार म्हणून नाव नोंदवतानाच सरकारी अर्जावर आपला पक्ष नमूद करण्याची सोय असते, आणि ही खूण हाच सदस्यत्वाचा व्यवहारातील पुरावा मानला जातो. ही नोंद सरकारकडे राहते, ती तपासता येते आणि तिच्यासाठी पक्षाच्या सभेला जाण्याची किंवा जाहीरनामा वाचण्याची गरज नसते. अलास्कात निम्म्याच्या आसपास मतदार कोणत्याच पक्षाचे नाव नोंदवत नाहीत. उरलेल्यांत रिपब्लिकन आणि डेमोक्रॅटिक यांच्या खालोखाल तिसरा क्रमांक त्या काळी याच पक्षाचा होता, आणि त्याच्या नावावरील सुमारे तेरा हजार मतदारांपैकी कित्येकांनी ‘इंडिपेंडन्स’ हा शब्द पाहून, आपण अपक्ष म्हणून नोंद करीत आहोत अशा समजुतीने खूण केली असावी, असे म्हटले जाई.

पक्षाचा उगम अलास्काच्या इतिहासात आहे. अमेरिकेने १८६७ मध्ये ७२ लाख डॉलरना रशियाकडून विकत घेतलेला हा प्रदेश १९५९ मध्ये एकोणपन्नासावे राज्य झाला. त्याआधीच्या वर्षी झालेल्या मतदानात राज्य होण्याच्या बाजूने सुमारे चाळीस हजार आणि विरोधात सुमारे आठ हजार मते पडली होती. पक्षाचा आक्षेप असा की, त्या मतपत्रिकेवर राज्य होणे किंवा केंद्रशासित प्रदेश म्हणून राहणे एवढेच पर्याय होते, स्वतंत्र राष्ट्र किंवा स्वायत्त राष्ट्रकुल हे पर्याय ठेवलेच गेले नाहीत, आणि शिवाय तेथे तैनात असलेल्या सैनिकांनाही मतदान करू दिले गेले. कायद्याच्या कसोटीवर हा युक्तिवाद टिकत नसला, तरी त्याच्या मुळाशी असलेली तक्रार निराधार नव्हती. राज्याची सुमारे साठ टक्के जमीन केंद्र सरकारच्या मालकीची आहे. १९८० च्या कायद्याने दहा कोटी एकरांहून अधिक क्षेत्र राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये यांसारख्या संरक्षित प्रकारांत गेले, त्यामुळे खाणकाम, शिकार आणि रस्ते यांवर बंधने आली, आणि दूरच्या वॉशिंग्टनमधून आपल्या जमिनीचा कारभार चालतो ही भावना दोन्ही मोठ्या पक्षांच्या मतदारांतही रुजली.

या असंतोषाला फुटीरतेचे रूप दिले ते जो व्होगलर या कॅन्ससहून आलेल्या सोन्याच्या खाणमालकाने. सत्तरच्या दशकात त्याने स्वातंत्र्याची चळवळ आणि पाठोपाठ हा पक्ष उभा केला, गव्हर्नरपदाच्या निवडणुका लढवल्या, आणि अमेरिकी सरकारविषयी इतकी जहाल भाषा वापरली की २००८ मध्ये पेलिन यांच्या विरोधकांना आयतेच साहित्य मिळाले. १९९३ मध्ये त्याचा खून झाला. अमेरिकी ध्वजाखाली आपल्याला पुरू नये या त्याच्या इच्छेनुसार त्याचे दफन कॅनडातील डॉसन येथे झाले.

मात्र पक्षाला सत्तेपर्यंत नेणारा नेता अगदी वेगळ्या घडणीचा होता. निक्सन यांच्या मंत्रिमंडळात राहिलेले आणि मूळचे रिपब्लिकन असलेले वॉल्टर हिकेल १९९० मध्ये ऐनवेळी या पक्षाच्या तिकिटावर उभे राहिले आणि सुमारे ३९ टक्के मतांवर गव्हर्नर झाले. अमेरिकेतील गव्हर्नर हा थेट लोकांनी निवडलेला राज्यप्रमुख असतो, म्हणजे अधिकाराच्या दृष्टीने आपल्या राज्यपालापेक्षा मुख्यमंत्र्याला जवळचा. हिकेल यांना अलास्का अमेरिकेतून फुटायला नकोच होते, आणि १९९४ मध्ये ते रिपब्लिकन पक्षात परतलेही. अलास्कात या पक्षाशी जवळीक असणे म्हणजे देशद्रोहाच्या वाटेवर असणे नव्हे, हे या एका उदाहरणावरून पुरेसे स्पष्ट होते. उर्वरित अमेरिकेला ते ठाऊक नव्हते.

आता प्रत्यक्ष पुरावा. पक्षाच्या तत्कालीन अध्यक्षा लिनेट क्लार्क यांनी पेलिन १९९४ मध्ये सदस्य होत्या असे सांगितले होते. मॅकेन यांच्या प्रचारयंत्रणेने मतदारनोंदणीची कागदपत्रे पुढे ठेवली, त्यांत १९८२ पासून पेलिन यांची नोंद सातत्याने रिपब्लिकन अशीच होती, आणि क्लार्क यांना आपले विधान मागे घ्यावे लागले. न्यूयॉर्क टाइम्सनेही दुरुस्ती छापली. सदस्यत्वाचा आरोप येथे संपला, आणि बहुतेक वाचकांच्या दृष्टीने विषयही संपला. वास्तविक अधिक बोलकी माहिती यानंतरची आहे. पेलिन यांचे पती टॉड हे १९९५ पासून २००२ पर्यंत, मधला थोडा काळ सोडल्यास, याच पक्षाच्या नावावर नोंदलेले होते. स्वतः पेलिन वसिला या छोट्या शहराच्या महापौर असताना २००० मध्ये तेथे भरलेल्या पक्षाच्या अधिवेशनाला गेल्या होत्या, आणि २००८ च्या अधिवेशनाला त्यांनी गव्हर्नर या नात्याने चित्रफितीतून शुभेच्छा पाठवल्या, ज्यात राज्यघटनेच्या रक्षणाची पक्षाची दृष्टी आपल्यालाही मान्य असल्याचे म्हटले होते. येथे राज्यघटना म्हणजे अलास्काची स्वतःची घटना. अमेरिकेत प्रत्येक राज्याला ती असते. यांपैकी कशातूनही फुटीरतेचे समर्थन सिद्ध होत नाही. तेरा हजार मतदारांच्या गटाशी सौजन्याने वागणे हा तेथील राजकारण्याचा साधा हिशेब होता. मात्र दुसऱ्या पक्षाच्या नेत्याने असाच संदेश पाठवला असता तर पेलिन यांच्या समर्थकांनी तो इतक्या सहजपणे घेतला असता का, ही शंका राहतेच. ऑक्टोबरमध्ये बराक ओबामा यांच्या बिल आयर्स या जुन्या जहालाशी असलेल्या ओळखीवर पेलिन यांनी केलेली टीका पाहता ही शंका वावगीही ठरत नाही.

याच महिन्यात हा विषय प्रचारयंत्रणेच्या आतच पेटला. टॉड यांनी अपक्ष समजून चुकून खूण केली होती, असे निवेदन काढावे, असा आग्रह पेलिन यांनी ई-मेलमधून धरला. प्रचाराचे मुख्य रणनीतीकार स्टीव्ह श्मिट यांनी तो नाकारला, कारण नोंद सात वर्षांची होती आणि फुटून निघण्याचा मुद्दा पक्षाच्या कार्यक्रमात होता, तेव्हा असे निवेदन खोटे ठरले असते. हा पत्रव्यवहार पुढच्या वर्षी उघड झाला.

भारतीय वाचकाला या प्रकरणात एक गोष्ट विशेष खटकू शकते, ती म्हणजे असा पक्ष कायदेशीरपणे अस्तित्वात असणेच. भारतात १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीनंतर उमेदवाराला देशाचे सार्वभौमत्व व अखंडता राखण्याची शपथ घ्यावी लागते, आणि लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९अ नुसार पक्षाच्या नोंदणीसाठीही तशी बांधिलकी लिहून द्यावी लागते. अमेरिकेत फुटीरतेचा प्रचार अभिव्यक्तिस्वातंत्र्यात मोडतो, मात्र तिच्या अंमलबजावणीला वाव नाही: कोणतेही राज्य स्वतःहून बाहेर पडू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने यादवी युद्धानंतर १८६९ मध्ये टेक्सासच्या खटल्यात ठरवले, आणि फुटून निघण्याचा प्रस्ताव मतदानाला ठेवण्याची मागणी अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००६ मध्ये याच आधारावर फेटाळली. पेलिन त्याच महिन्यात गव्हर्नर म्हणून निवडून आल्या होत्या, त्यामुळे त्यांच्या कारकिर्दीत या पक्षाची मूळ मागणी न्यायालयीन दृष्ट्या निकाली निघालेली होती.