चिमूटभर दारूची गोष्ट

वॉर्डन सर, दचकू नका! ही दारू बाटलीतली नाही, बंदुकीतली आहे.

आपल्याकडे कुणी पोस्टाची तिकिटं जमवतं, कुणी रविवारी बुलेट खोलून बसतं. तसं अमेरिकेत आणि युरोपातल्या काही देशांत लोक घरच्या टेबलावर पिस्तुलाची आणि रायफलची काडतुसं स्वतःच्या हाताने भरतात. या छंदाला 'हॅन्डलोडिंग' म्हणतात. ऐकल्यावर दोन प्रश्न लगेच पडतात. एक, काडतुसं विकत मिळत असताना हा उपद्व्याप कशाला? दोन, आपल्याकडे हे चालतं का? दुसऱ्याचं उत्तर सरळ 'नाही' असं आहे. आणि तरीही आपल्या कोकणात हाताने बंदूक भरणं कित्येक पिढ्या चालत आलेलं आहे! हा काय घोळ आहे, ते जरा इंजिनिअरच्या नजरेने बघू.

काडतुसाच्या पोटात काय असतं?

'काडतूस' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. बोलताना आपण सगळ्यालाच 'गोळी' म्हणतो, पण काडतुसात चार वस्तू असतात. पितळेची केस (पुंगळी म्हणा हवं तर), तिच्या बुडाशी बसवलेला प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. पूर्वी हीच दारू आणि गोळी कागदात गुंडाळलेली असायची आणि तो कागद दाताने फाडावा लागायचा. १८५७ सालच्या चरबी लावलेल्या काडतुसांची गोष्ट आपण शाळेत वाचलेलीच आहे. त्यानंतर दहाएक वर्षांत धातूची काडतुसं आली आणि कागद मागे पडला.

चाप ओढला की पिन प्रायमरवर आपटते, ठिणगी उडते, दारू पेटते. गॅसचा दाब वाढतो आणि गोळी पुढे सुटते. हे सगळं साधारण एक-दोन मिलिसेकंदांत! त्या दाबाने पितळेची केस फुगते, बॅरलच्या भिंतीला चिकटते आणि गॅसला मागे येऊ देत नाही. दाब उतरला की ती थोडीशी आक्रसते आणि बाहेर निघते. एसओएममधला इलॅस्टिक आणि प्लॅस्टिक डिफॉर्मेशनचा धडा इथे एका मिलिसेकंदात प्रॅक्टिकलसकट होऊन जातो.

आता गंमत अशी, की गोळी गेली, दारू जळली, प्रायमर संपला, पण केस शाबूत राहिली. आणि चारही वस्तूंमध्ये सगळ्यात महाग तीच! ती फेकून द्यायची की पुन्हा वापरायची, या प्रश्नातून हा छंद जन्माला आला.

टेबलावर काय चालतं?

केसला कुठे चीर गेली आहे का ते तपासायचं, फुगलेली केस प्रेसमध्ये दाबून मूळ मापाला आणायची, नवा प्रायमर बसवायचा, दारू तोलून घालायची आणि वर गोळी बसवायची. वाचायला इडलीच्या रेसिपीइतकं सोपं वाटतं. पण दारूचं वजन 'ग्रेन' या मापात करतात आणि एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. आपल्या सोनाराची गुंज साधारण १२० मिलिग्रॅमची, म्हणजे ग्रेन हा जवळजवळ अर्धी गुंज झाला. आणि ही मंडळी ग्रेनचाही दहावा भाग मोजतात. मेसमध्ये भाजीत मीठ टाकतात तो हात इथे चालत नाही!

पैसे वाचतात हे एक कारण आहेच. पण पट्टीचे लोक हे करतात ते एकसारखेपणासाठी. प्रत्येक काडतूस आधीच्या काडतुसाची जुळी बहीण असली पाहिजे. आपल्या भाषेत सांगायचं तर स्टँडर्ड डेव्हिएशन कमी करायचं.

पाच मिलिमीटरचा हिशोब

इतका किस कशासाठी पाडायचा? एक गणित करून बघू. ५० मीटर रायफल स्पर्धेत .२२ ची गोळी साधारण ३३० मीटर प्रतिसेकंद वेगाने सुटते. हवेचा विरोध सोडून दिला तर ५० मीटर जायला तिला ०.१५ सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती गुरुत्वाकर्षणाने साधारण ११.३ सेंटीमीटर खाली येते. आता पुढची गोळी ३२० च्या वेगाने सुटली, तर ती १२ सेंटीमीटर खाली येईल. फरक ७ मिलिमीटरचा. आणि लक्ष्यावरचं १० गुणांचं वर्तुळ किती मोठं? व्यास १०.४ मिलिमीटर, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत फक्त पाच! नेम तोच, श्वास तोच, पण काडतुसातल्या ३ टक्के फरकाने दशांशात मोजणाऱ्या अंतिम फेरीत पाऊण-एक गुण गेला.

आपल्या कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं. हे दोन्ही प्रकार .२२ चे. या काडतुसात वेगळा प्रायमर नसतो. स्फोटक मसाला केसच्या बुडाच्या काठातच भरलेला असतो आणि पिन आपटली की तो काठ चेपतो. त्यामुळे ते पुन्हा भरता येत नाही. मग मोठे नेमबाज काय करतात? कारखान्यातल्या वेगवेगळ्या लॉटची काडतुसं स्वतःच्या बॅरलमधून झाडून बघतात आणि ज्या लॉटची भोकं सगळ्यात जवळजवळ पडतात तो लॉट घेतात. भरायचं काम कारखान्याचं, मापायचं काम आपलं.

कुकर आणि थिक सिलिंडर

आता घाबरवणारा भाग. घरच्या कुकरची शिट्टी होते तेव्हा आत वातावरणाच्या वर साधारण १५ पीएसआय दाब असतो. ९ मिलिमीटर पिस्तुलाच्या काडतुसाची मान्य मर्यादा ३५,००० पीएसआय आहे. म्हणजे दोन हजारांहून जास्त कुकर, तेही हातात आणि चेहऱ्यापासून हातभर अंतरावर! थिक सिलिंडर आणि लामेची समीकरणं परीक्षेपुरती घोकणाऱ्यांनी इथे एक मिनिट थांबावं.

शिवाय आजच्या बिनधुराच्या दारूचा एक स्वभाव आहे. दाब वाढला की ती जास्त वेगाने जळते आणि जास्त वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. कंट्रोल सिस्टीमवाल्यांनी पॉझिटिव्ह फीडबॅक आठवावा. त्यामुळे दारू थोडी जास्त झाली तर दाब 'थोडासा' जास्त होत नाही, भलताच चढतो. पिस्तुलाच्या केसमध्ये दारू अर्धीमुर्धीच भरते, म्हणून चुकून दोनदा पडली तरी वरून लक्षात येत नाही. उलट दारू पडलीच नाही, तर नुसत्या प्रायमरच्या धक्क्याने गोळी बॅरलमध्येच अडकते आणि मागून दुसरी झाडली की बॅरल फाटतं. तिकडचे जाणकार म्हणूनच काम करताना टीव्ही बंद ठेवतात आणि गप्पा मारत नाहीत.

आणि आपली ठासणी

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे 'ठासून भरलेला हॉल' एवढाच 'ठासणे'शी माझा संबंध. ठासणीची बंदूक हा शब्द इकडे आल्यावर कळला. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर बोळा, मग छरे, गजाने ठासायचं आणि मागे निपलवर केप बसवायची. प्रत्येक बार हाताने भरायचा. म्हणजे हॅन्डलोडिंगच की! माकडं आणि रानडुकरं आंबा, काजू, भात काही शिल्लक ठेवत नाहीत, हे गावाकडच्या मुलांना सांगायला नको. म्हणून १९५९ च्या शस्त्र कायद्यातच पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. (परवाना पिकाच्या रक्षणाचा, शिकारीचा नव्हे. १९७२ चा वन्यजीव कायदा वेगळा उभा आहेच.)

यात दारूचं माप बऱ्याचदा चिमटीने किंवा वर्षानुवर्षांच्या सवयीने ठरतं. ते आजवर खपून गेलं, कारण काळी दारू दाब वाढल्यावर बिनधुरीइतकी पिसाळत नाही. अंदाजाची थोडी चूक ती पोटात घालते. पण सगळ्या चुका नाही. काळ्या दारूची राख दमट हवा शोषते आणि कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात न पुसलेली नळी आतून गंजते. आजोबांच्या वेळची जाड भिंत नातवाच्या वेळी तेवढीच जाड असेल याची खात्री नाही. दारू आणि बोळ्याच्या मध्ये पोकळी राहिली तरी नळी फुगते, फाटते. आणि त्याच नळीत कुणी काडतुसातली बिनधुरी दारू काढून त्याच चिमटीने घातली, तर तो बार डुकराला नाही, भरणाऱ्यालाच लागेल.

कायदा काय म्हणतो?

परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान ७ वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. कायद्यातल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंसुद्धा येतात. तेव्हा 'फायनल इयर प्रोजेक्टला प्रेस बनवू या' म्हणणाऱ्यांनी दुसरा विषय शोधावा! काडतुसंच बनवायची हौस असेल तर त्याला रीतसर वाट आहे. १८६९ पासून चालू असलेला खडकीचा कारखाना आणि जळगाव जिल्ह्यातला वरणगावचा कारखाना आता म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहेत. तिथे इंजिनिअर लागतात.

आणि ज्यांच्या घरी परवान्याची ठासणी आहे त्यांनी सुट्टीत गावी गेल्यावर एवढं बघावं. बंदूक भरलेल्या अवस्थेत कोपऱ्यात उभी नाही ना? निपलवर केप राहिलेली नाही ना? दारूचा डबा चुलीपासून आणि पोरांपासून लांब आहे ना? आणि नळी परवानाधारक कारागिराने शेवटची कधी तपासली? घरातली मोठी माणसं म्हणतील, "आम्ही जन्मभर अशीच भरली." तेव्हा वाद घालू नका. नळी साफ करायला बसा आणि हातात माप द्या. अंदाज अनुभवाने येतो हे खरं, पण गंजलेल्या नळीला आपला अनुभव माहीत नसतो.