लिंगभाव आणि अभ्यासप्रेरणा

महाराष्ट्रात २०२४ च्या बारावीच्या परीक्षेत ९५.४४ टक्के मुली आणि ९१.६० टक्के मुलगे उत्तीर्ण झाले. तरीही निकालात पुढे असलेली मुलगी पुष्कळदा स्वतःच्या कुवतीविषयी साशंक असते. असे का व्हावे? बर्नार्ड वाइनर यांच्या मते, अपयशाचे कारण विद्यार्थी कशात शोधतो यावर त्याची पुढील प्रेरणा अवलंबून असते. ‘अभ्यास कमी पडला’ असे मानणारा पुन्हा पुस्तक उघडतो. ‘मला हे जमतच नाही’ असे मानणारा ते मिटून ठेवतो. कॅरोल ड्वेक व सहकाऱ्यांच्या १९७८ मधील अभ्यासात शिक्षक मुलग्यांना बरेचदा बेशिस्त वा गबाळ्या कामाबद्दल बोलत. मुलींना मात्र बहुतांशी चुकलेल्या उत्तराबद्दलच. साहजिकच मुलींना ती टीका आपल्या बुद्धीवरची वाटे. संसार सांभाळून पुन्हा शिकू लागलेल्या आपल्यापैकी अनेकींनी ‘आता या वयात जमणार आहे का?’ हे ऐकलेच असेल. तेही त्याच जातीचे वाक्य.